बॅग भरण्याआधीची तयारी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, ओटी भरली की पहिलटकरणीला माहेरी नेण्याची गडबड सुरू होते. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक आणि आळीव आणून ठेवले जातात, मालिश करणाऱ्या बाईंना आधीच सांगितले जाते. हल्ली त्यात ‘हॉस्पिटलच्या बॅगे’ची भर पडली आहे. त्या बॅगेत काय काय हवे, याच्या लांबलचक याद्या मैत्रिणी, बहिणी एकमेकींना पाठवतात. एक प्रश्न मात्र अनेक घरांत शेवटच्या दिवसापर्यंत विचारायचाच राहून जातो. रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला, तर निवडलेल्या दवाखान्यात त्या वेळी कोण असेल?

बाळंतपण घरी की दवाखान्यात, हा वाद महाराष्ट्रात आता जवळजवळ मिटला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली 94.7 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. देशाचा आकडा 88.6 टक्के होता. 2005-06 मध्ये तो अवघा 38.7 टक्के होता. मातामृत्यूही उतरले. 2018-20 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 आणि महाराष्ट्रात 33 मातांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. हे यश मोठेच आहे. पण दवाखान्याच्या दारात पोहोचले म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असा जो समज त्यातून रुजला आहे तो अर्धाच खरा आहे.

सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंची कारणे तपासताना तीन प्रकारचे उशीर दाखवून दिले. दवाखान्यात जायचे हे ठरवायला होणारा उशीर पहिला, तिथे पोहोचायला होणारा उशीर दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला होणारा उशीर तिसरा. तीस वर्षांनंतरही सरकारी यंत्रणा एखाद्या मातेचा मृत्यू तपासताना हेच तीन प्रश्न विचारते. घरच्यांना यातले पहिले दोन उशीर बरेचसे आणि तिसरा थोडाफार टाळता येतो. अट एकच, विचार कळा सुरू होण्याआधी झाला पाहिजे.

माहेरचा दवाखाना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत चांगलीच आहे. आईजवळ विश्रांती मिळते, मनमोकळे बोलता येते. पण वैद्यकीयदृष्ट्या तिचा एक तोटा आहे. सहा-सात महिने ज्या डॉक्टरांनी तपासले ते पुण्यात किंवा मुंबईत राहतात आणि बाळंतपण लातूरला किंवा चिपळूणला होते. नव्या डॉक्टरांसमोर बाई येते ती अनोळखी म्हणून, तीही कधी कधी थेट कळा घेऊनच. पूर्वी रक्तदाब किती होता, साखर वाढली होती का, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले होते का, हे सगळे फाइलमध्ये असते आणि फाइल सासरच्या कपाटात राहिलेली असते.

म्हणून माहेरी पोहोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवून एकदा तरी तपासून घेणे, हे सगळ्या खरेदीच्या आधीचे काम. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफींचे अहवाल आणि रक्ततपासण्या असाव्यात. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी विशेष जपून ठेवावी. तारीख ठरवण्यासाठी तीच सर्वांत भरवशाची. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा जुना हिशेब दवाखान्यातल्या 280 दिवसांच्या हिशेबाच्या बराच जवळ जातो, पण नेमक्या त्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात जेमतेम चार-पाच. त्यामुळे तारखेवर भिस्त ठेवून आठव्या महिन्यात निवांत बसण्यात अर्थ नाही.

दवाखाना निवडताना खोलीला एसी आहे का, यापेक्षा वेगळे प्रश्न विचारायला हवेत. रात्री सिझेरियन करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणावे लागते आणि त्याला किती वेळ लागतो? बाळ वेळेआधी जन्मले किंवा रडले नाही तर नवजात शिशूंचा कक्ष इथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल? न्यावे लागलेच तर कुठे? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उलट चांगले डॉक्टर ही माहिती स्वतःहून देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण उत्तम होऊ शकते, तिथल्या परिचारिकांचा हात अनेकदा शहरातल्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा सरावलेला असतो. मात्र शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय तिथे नसते. रक्तदाब, मधुमेह, जुळी, आडवे किंवा पायाळू बाळ, आधीचे सिझेरियन यांपैकी काही असेल, तर सुरुवातीपासूनच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय अथवा या सर्व सोयी असलेले खासगी रुग्णालय गाठणे शहाणपणाचे.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. 2016 पासून हा उपक्रम सुरू आहे. खासगीत नाव घातलेल्या बाईलाही तिथे जाता येते, हे अनेकांना माहीत नसते.

मग अंतराचा प्रश्न. घरापासून दवाखान्यापर्यंत दिवसा वीस मिनिटे लागतात, हे उत्तर पुरेसे नाही. रात्री, पावसात, जत्रेच्या दिवशी किती लागतात? गाडी कोणाची, चालवणार कोण, तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण? 108 ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी आहे, तर 102 क्रमांकाची गाडी गर्भवतीला दवाखान्यात नेण्यासाठी आणि बाळंतिणीला घरी सोडण्यासाठी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी दवाखान्यात ही ने-आण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि सिझेरियनसुद्धा मोफत आहे. दुर्गम भागात मात्र गाडीवर सगळे सोपवता येत नाही. गडचिरोलीत पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा भागांसाठी राज्यात काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ची सोय केली गेली. दिवस भरत आलेल्या बाईने सोबतच्या नातलगासह काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचे. कळा सुरू झाल्यावर पूर ओलांडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या वाडीवर राहणाऱ्या कुटुंबालाही तीच युक्ती चालते. तालुक्याच्या गावी मावशी किंवा आत्या असेल तर शेवटचा आठवडा तिच्याकडे काढावा.

पहिला उशीर, म्हणजे ठरवण्याचा, माहेरी वेगळेच रूप घेतो. मुलीला पुढच्या रुग्णालयात न्या असे डॉक्टर सांगतात आणि आई-वडील ‘जावईबापूंना विचारून सांगतो’ म्हणतात. जावई आपल्या आईला विचारतात. फोन लागत नाही. कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती उपचारांसाठी पुरेशी असते. प्रत्यक्षात दवाखाने नातेवाइकांची सही मागतात आणि तिथे वेळ जातो. सातव्या महिन्यातच दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे की तातडीच्या वेळी डॉक्टर सांगतील तसे करायचे, फोन नंतर. डोहाळजेवणाला दोन्हीकडची माणसे जमलेलीच असतात.

हिमोग्लोबिनचा हिशेब

बाळंतपणात आईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा असतो आणि तो बाळ बाहेर आल्यानंतर, सगळे पेढ्यांच्या गडबडीत असताना सुरू होतो. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बंद करण्याचे काम गर्भाशयाचे स्नायूच करतात. ते घट्ट आवळले जातात, त्यांच्या जाळीत रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबते. स्नायू दमले, सैल राहिले की हा चिमटा बसत नाही. मग अर्ध्या तासात परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.

यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. बाळ जन्मताच आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनच्या 10 युनिटचे इंजेक्शन दिले जाते, गर्भाशय आवळते. प्रशिक्षित माणसाच्या हातून, दवाखान्यात बाळंतपण करण्यामागचे हे एक भक्कम कारण. तरीही काही जणींना रक्तस्राव होतोच आणि तो नजरेच्या अंदाजाने मोजला तर कमीच वाटतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजले आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम सुमारे 60 टक्क्यांनी घटले. नवे औषध एकही नव्हते. फक्त वेळेत कळले.

घरच्यांच्या हातात काय आहे? रक्त कमी नसणे. गर्भारपणात रक्ताचे एकूण प्रमाण सुमारे दीडपट होते. निसर्गाने बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी केलेली ती तरतूदच आहे. पण हिमोग्लोबिन सात-आठ असेल तर ती तरतूद पोकळ ठरते. ज्या रक्तस्रावाने निरोगी बाईला नुसता थकवा येतो, तेवढाच रक्तक्षयी बाईला अत्यवस्थ करू शकतो. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. म्हणून नवव्या महिन्यात तपासून उपयोग थोडा. सातव्या महिन्यात तपासले तर गोळ्या, गरज पडल्यास शिरेतून लोहाचे इंजेक्शन, असे मार्ग उरतात. गोळ्यांनी शी काळी होते, मळमळते म्हणून त्या उशीखाली ठेवणाऱ्या बायका काही कमी नाहीत. डॉक्टरांना तसे सांगितले तर गोळी बदलून मिळते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू सरबताबरोबर घ्यावी.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर आणखी एक काम. त्याच गटाचे दोन-तीन रक्तदाते शोधून त्यांचे नंबर फाइलवर लिहून ठेवावेत आणि ‘अँटी-डी’ इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आठवण करावी. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर जन्मानंतर 72 तासांच्या आत ते आईला द्यायचे असते.

खऱ्या कळा, खोट्या कळा

पहिलटकरणीची निम्मी धास्ती याच प्रश्नाची असते. खोट्या कळा अनियमित येतात, कूस बदलली, चालले, पाणी प्यायले की बसतात. खऱ्या कळा बसत नाहीत. कमरेतून पोटाकडे येतात, हळूहळू जवळ येतात आणि वाढतात. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक कळ मिनिटभराची, असे तासभर चालले की निघायचे, हा शहरातल्या पहिलटकरणीसाठीचा ढोबळ नियम. दवाखाना तासाभरावर असेल किंवा दुसरी खेप असेल तर इतके थांबू नये.

काही गोष्टींसाठी मात्र कळांची वाट पाहायचीच नसते. अंगावरून रक्त जाणे. पाणमोट फुटणे, मग कळा असोत वा नसोत. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर अधिकच घाई, कारण बाळाने पोटातच शी केल्याची ती खूण असते. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, छातीखाली कळ. ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे आहेत आणि यानंतर आकडी येऊ शकते. आणि बाळाची हालचाल मंदावणे. ‘शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही’ असे सांगून मोठ्या बायका धीर देतात. ते चुकीचे आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच दिवशी तपासायला हवे.

लेबर रूममध्ये

पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो, हे बाईला आणि बाहेर थांबलेल्यांनाही माहीत असायला हवे. गर्भाशयाचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडले पाहिजे, हे मोजमाप अमेरिकेतील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांच्या 1950 च्या दशकातल्या अभ्यासातून आले आणि जगभर रुळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ते बाजूला ठेवले. खऱ्या अर्थाने कळांचा जोर 5 सेंटिमीटरनंतर धरावा, त्याआधीचा काळ कितीही असू शकतो आणि आई-बाळ ठीक असताना केवळ गती कमी आहे म्हणून घाई करू नये, असे त्यात म्हटले आहे. 5 सेंटिमीटरनंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंतचा वेळ सामान्य समजला जातो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी दर तासाला ‘अजून कसे नाही? सिझर करून टाका’ म्हटले की डॉक्टरांवरही दडपण येते.

त्याच सूचनांनुसार साध्या बाळंतपणात एनिमा, केस काढणे, सरसकट टाका घेण्यासाठी छेद देणे यांची गरज नाही. पोट वरून दाबून बाळ ढकलण्याचा प्रकारही टाळायला सांगितला आहे. कळा सुरू असताना चालावे, उकिडवे बसावे, कुशीवर व्हावे. धोका नसेल तर पेज, सरबत घ्यावे. आपल्या दवाखान्यात यातले काय चालते, वेदना कमी करण्यासाठी एपिड्युरलची सोय आहे का आणि तिचा खर्च किती, हे नवव्या महिन्यातल्या तपासणीला शांतपणे विचारता येते. कळा देताना नाही.

सर्वांत परिणामकारक गोष्ट कदाचित सर्वांत साधी आहे. कोणीतरी सतत हात धरून सोबत असणे. वेगवेगळ्या देशांतल्या 26 चाचण्यांचा आणि पंधरा हजारांहून अधिक बायकांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा आखूड झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, एवढ्या अटी. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येते. तरीही अनेक ठिकाणी दारावरूनच परत पाठवले जाते, गर्दीच्या लेबर रूममध्ये कधी खेकसलेही जाते. हक्क आहे हे माहीत असेल तर निदान विचारता येते. सोबत कोणी जायचे हे बाईने ठरवावे. मान कोणाचा मोठा यावर नको. थोरल्या जाऊबाई शांत स्वभावाच्या असतील तर त्याच योग्य.

सिझेरियनबद्दल थोडेच. 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणे अशी झाली. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3, तर खासगीत 47.4 टक्के होते, आणि एवढा मोठा फरक फक्त बायकांच्या तब्येतीतून येत नाही. शस्त्रक्रिया कशासाठी, थांबलो तर काय होईल, हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार बाईला आहे. तातडीच्या वेळी मात्र वाद घालत बसू नये. आणि मुहूर्त काढून 39 आठवड्यांच्या आधी बाळ बाहेर काढण्याचा हट्ट तर मुळीच नको. अशा बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, मग ग्रह कितीही उच्चीचे असोत.

आता बॅग. ती छत्तिसाव्या आठवड्यापूर्वी भरलेली असावी. सर्वांत वर फाइल, कार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक. दोन-तीन पुढून उघडणारे गाऊन, पॅड, चपला, टॉवेल, थर्मास, फोनचा चार्जर, थोडी रोकड. बाळासाठी झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. आधी नवे कपडे आणू नयेत अशी समजूत असेल तरी बिघडत नाही, धुऊन मऊ झालेले जुने सुती कपडे बाळाला अधिक मानवतात. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवाव्यात, सुजलेल्या बोटांतून अंगठी निघत नाही. मधाची बाटली आणि गुटी मात्र काढून टाकावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

जन्मल्यावर बाळाला पुसून लगेच आईच्या छातीवर ठेवायचे, नाळ मिनिटभर थांबून कापायची आणि तासाभरात चिकाचे दूध पाजायचे. सिझेरियननंतरही हे जमते. तरी देशात तासाभरात दूध मिळालेली बाळे सर्वेक्षणात 41.8 टक्केच होती. पाहुण्यांना बाळ दाखवायला नेण्यात हा तास जातो; सोबतिणीला हे आधीच सांगून ठेवावे. ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीचे डोस दिल्याची नोंद कार्डावर झाली का, हे घरी निघण्यापूर्वी पाहावे. जन्माची नोंद 21 दिवसांत आणि जिथे जन्म झाला तिथेच होते. माहेरी बाळंतपण झाले तर दाखला तिथल्या पालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून घ्यावा लागतो. नाव नंतर घालता येते.

साध्या बाळंतपणानंतरही 48 तास दवाखान्यात राहावे, असा सरकारी नियम आहे आणि त्याला कारण आहे. रक्तस्राव आणि रक्तदाब या दोन्हींचा धोका याच काळात मोठा असतो. घरी आल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, डोकेदुखी, एका पोटरीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर ‘बाळंतिणीला होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. शेक घ्यायचा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने. बंद खोलीतल्या शेगडीचा धूर बाळ-बाळंतीण दोघांनाही बाधतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या माहेरच्या गावच्या आशाताई असतात आणि सुनेची नोंद सासरच्या गावी असते, म्हणून मुलगी माहेरी आल्याचे त्यांना कळवावे लागते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास येते. बाळाला टोचायला नेले की आईचाही रक्तदाब आणि हिमोग्लोबिन त्याच फेरीत तपासून घेता येते.